सासूबाईंच्या नावावरच्या दशम्या

परभणीच्या एका हायस्कुलाच्या कार्यालयात कावेरी देऊळगावकर यांनी एकतीस वर्षं नोकरी केली. शाळा सोडल्याचे दाखले लिहिणं हे त्यांचं मुख्य काम. मुलाचं नाव, वडिलांचं नाव, आईचं नाव, जन्मगाव. एक काना इकडचा तिकडं झाला तर पोरांना पुढं जन्मभर हेलपाटे पडतात, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यामुळं दाखला लिहून झाला की तो समोरच्या पालकाला मोठ्यानं वाचून दाखवायचा आणि मगच शिक्का मारायचा, हा त्यांचा शिरस्ता. अशा बाईच्या हातून नावाचीच चूक झाली. "चूक" हा शब्द त्यांनी स्वतःशी पुष्कळ दिवस वापरला. पुढं तो वापरणंही त्यांना जमेनासं झालं.

निवृत्त झाल्यावर पुण्याला असलेल्या मुलानं, शंतनूनं, त्यांना यूट्यूबवर चॅनेल काढून दिलं. नाव ठेवलं "कावेरीची चूल".

"चूल कुठं हाय आपल्याकडं?" मोबाईल धरून उभे असलेले त्यांचे यजमान, दत्तोपंत, पहिल्याच दिवशी म्हणाले. "तीन बर्नरचा गॅस हाय."

"तुम्ही मोबाईल सरळ धरा."

दत्तोपंत तहसील कचेरीतून निवृत्त झालेले. मोबाईल धरणं, पोळपाट दिसतोय का ते बघणं आणि मध्ये न बोलणं ही तीन कामं त्यांच्याकडं आली. पहिली दोन ते चोख करत. मुरमुऱ्यांचा सुशीला, धपाटे, येसराची आमटी, शेंगोळे असे एकेक पदार्थ होत गेले. पाहणारे शे-दोनशे, त्यात निम्मे नातेवाईक.

मग दशम्यांचा व्हिडिओ आला.

त्या दशम्या कावेरीबाई शिकल्या झुंबरबाईंकडून. झुंबरबाई पिंगळीच्या. दिवाळीच्या आधी नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जायच्या, चैत्रात परत यायच्या आणि उन्हाळाभर परभणीत घरोघरी कुरडया-पापड करून द्यायच्या. देऊळगावकरांच्या गच्चीवर त्यांचे चार दिवस ठरलेले. एका वर्षी दुपारच्या जेवणाला त्यांनी फडकं सोडलं, तर आत तांबूस, पातळ दशम्या. वरती पानाच्या शिरांचे बारीक उभे वळ.

"ही कशातली हो?" कावेरीबाईंनी विचारलं.

"उसाच्या रसातली, वैनी. तुमी दुधात भिजविता. फडात दूध कुठलं? रस मातूर हवा तेवढा." झुंबरबाईंनी एक दशमी पुढं केली. "खाऊन तर पाहा. चौथा दिवस हाय आज."

दशमी मऊ होती. तीळ, किंचित मीठ आणि मागून येणारा रसाचा गोडवा. कावेरीबाईंनी ती गच्चीवरच, पाण्याच्या टाकीच्या सावलीत, उभ्यानं खाल्ली. दुसऱ्या दिवशी रसवंतीतून रस आणला आणि झुंबरबाईंना गॅसपाशी नेलं. रस उकळायचा, वरची मळी काढायची, गरम रस ज्वारीच्या पिठावर ओतायचा, झाकून ठेवायचा. तव्यावर दशमी टाकायच्या आधी खाली उसाची ओली पानं अंथरायची, कारण रसातली साखर नुसत्या तव्यावर करपते. झुंबरबाईंनी तीन वेळा करून दाखवलं आणि चौथ्यांदा कावेरीबाईंकडून करून घेतलं. "आता आली तुमाला," म्हणाल्या.

पुढच्या संक्रांतीला व्हिडिओ केला. दत्तोपंतांनी मोबाईल धरला. कावेरीबाईंनी सुरुवात केली, "नमस्कार. आज आपण ज्या दशम्या करणार आहोत, त्या मला आमच्याकडं वाळवणाला येणाऱ्या झुंबरबाई..."

आणि थांबल्या.

"बंद करा जरा. केस नीट करते."

केस नीटच होते. पाहणाऱ्यांत नणंदा होत्या, जावा होत्या, भिशीतल्या बायका होत्या. ऊसतोडीच्या बाईच्या फडक्यातली दशमी आपण खाल्ली, हे त्या सगळ्यांना सांगायचं का, एवढाच विचार त्या क्षणभरात झाला. दुसऱ्या वेळी त्या म्हणाल्या, "या दशम्या आमच्या सासूबाईंच्या."

तोंडाला सवय होती. त्यांच्या नात्यागोत्यात कुणी पदार्थाचं कौतुक केलं की सुनेनं "सासूबाईंची पद्धत" म्हणायचं ही रीतच. माहेरून शिकून आलेल्या भाज्यासुद्धा कावेरीबाईंनी तीस वर्षं सासूबाईंच्या नावावर वाढल्या होत्या. सासूबाई खूश राहत आणि घर शांत राहत असे.

मोबाईल खाली ठेवत दत्तोपंतांनी विचारलं, "आईनं ह्या कधी केल्या गं?"

"तसं म्हणायची पद्धत असते."

दत्तोपंत मोबाईल चार्जिंगला लावायला गेले.

"सासूबाईंच्या उसाच्या दशम्या" तीन लाख लोकांनी पाहिल्या. खाली लोक लिहीत, "सासूबाईंना साष्टांग नमस्कार", "अशा पिढ्या आता नाहीत". कावेरीबाई प्रत्येकाला हात जोडल्याचं चित्र पाठवत. आपण गेलेल्या माणसाचा मान वाढवला, असं त्यांना वाटे. झुंबरबाईंची आठवण एखाद्या वेळी व्हायचीही, पण त्यांचे गुडघे गेले होते, त्या आता परभणीला येत नव्हत्या, आणि त्या कशाला व्हिडिओ पाहतील?

वर्षभरानं एका बाईनं कावेरीबाईंचा मेतकुटाचा व्हिडिओ शब्दन् शब्द उचलला. कावेरीबाई इतक्या संतापल्या की दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. महिला मंडळाच्या बैठकीत त्यांनी तावातावानं भाषण केलं. म्हणून मंडळानं "विसरलेल्या चवी" ही पाककला स्पर्धा ठेवली, तेव्हा चौथा नियम त्यांच्याच सांगण्यावरून घातला गेला. इंटरनेटवरून उचललेली पाककृती बाद. परीक्षक दोघी, कावेरीबाई आणि मंडळाच्या सचिव निवेदिता. निवडल्या गेलेल्या पाच जणींना गावातल्या प्रदर्शनात आठवडाभर स्टॉल मिळणार होता.

स्पर्धेच्या दिवशी सतरावं ताट पिंगळीच्या एका तरुण बाईचं होतं. नाव शिवकन्या. ताटात तांबूस दशम्या, वर पानाचे वळ.

कावेरीबाईंनी यादीतलं गावाचं नाव पुन्हा वाचलं.

"अरे वा!" निवेदिताबाई हसल्या. "ह्या तर आमच्या कावेरीताईंच्या दशम्या! कुठून शिकलीस?"

"आत्याबाईकून. माझ्या सासूकून," शिवकन्या म्हणाली. "आमी फडात करतोत."

"हो का? यांच्या व्हिडिओत पण सासूबाईच आहेत. सासूसुद्धा कॉपी केलीस का गं?"

आजूबाजूच्या बायका हसल्या. शिवकन्या हसली नाही. ती कावेरीबाईंकडं वळली.

"काकू, तुमी सांगा की ह्यांना. झुंबरबाईची सून हाय मी. आत्याबाई तुमच्याकडं कुरडया करायला येत होत्या. त्यांनीच तुमाला शिकविल्या ना ह्या?"

हॉलमध्ये पंखे फिरत होते. निवेदिताबाईंचं पेन कागदावर थांबलं होतं. तिथं एक शब्द पुरला असता.

"बऱ्याच जणी येतात वाळवणाला," कावेरीबाई म्हणाल्या. "मला नेमकं आठवत नाही."

निवेदिताबाईंनी सतराव्या ओळीवर फुली मारली. शिवकन्येनं ताटावर फडकं झाकलं.

"मला ह्या साली कोयता धरायला जायचं नव्हतं, काकू," ती हळू आवाजात म्हणाली. "नवरा गेला कारखान्याला, मी मागं राहिले, ह्या इस्टॉलसाठी. लय सांगितलं त्याला, परभणीत माझं जमंल म्हणून." एवढं बोलून ती गेली. पायऱ्या उतरतानाचा तिच्या चपलांचा आवाज कावेरीबाईंना शेवटच्या पायरीपर्यंत ऐकू आला.

घरी येऊन त्यांनी पर्स खुंटीला अडकवली आणि दत्तोपंतांना सगळं सांगितलं, "आठवत नाही म्हणाले मी" इथपर्यंत. सांगताना त्या भिंतीकडं बघत होत्या.

दत्तोपंतांनी हातातल्या वर्तमानपत्राची घडी घातली. मग म्हणाले, "मी त्याच दिवशी बोलायला पाहिजे होतं. पण लोक आईला नमस्कार करायले, ते वाचून मलाही बरं वाटत होतं गं."

"आईंनी तिला कधी घरात तरी घेतलं असतं का?"

"मागच्या दारी बसवलं असतं."



सकाळच्या पॅसेंजरनं कावेरीबाई पिंगळीला गेल्या. हातात काही न्यावं का, यावर त्यांनी घरी बराच विचार केला होता. साडी नेली तर ती लाच वाटेल, फळं नेली तर आजाऱ्याला भेटायला आल्यासारखं दिसेल. शेवटी रिकाम्या हातानंच गेल्या. झुंबरबाई ओसरीवर पाय लांब करून लसूण सोलत बसल्या होत्या.

"या वैनी. बसा. शिवकन्या न्हाई घरात, खुरपायला गेली."

"झुंबरबाई, तुमची माफी मागायला आले मी."

"कशाची?" झुंबरबाईंनी लसूण खाली ठेवला नाही. "कालची का इडिओची?"

कावेरीबाई बसता बसता थांबल्या. "तुम्ही पाहिला होता?"

"पाह्यला की. तवाच पाह्यला. सुनंनं दाखविला. म्हनलं, पुढं तरी नाव येईल. म्हनून शेवटपर्यंत पाह्यला. मग म्हनलं, नजर चुकली आसंल, म्हनून परत लावायला सांगितला." त्यांनी एक पाकळी नखानं सोलली. "अन् वैनी, मळी काढायची तुमी सांगितलीच न्हाई. त्यानं दशमी काळी पडती. मानसं करायलेत ना तसंच, तुमचं आयकून?"

"तीन लाख माणसं," कावेरीबाई पुटपुटल्या.

"तीन लाख काळ्या दशम्या," झुंबरबाई म्हणाल्या आणि स्वतःच हसल्या. ते हसू कावेरीबाईंना शिवीपेक्षा झोंबलं.

त्यांनी घाईघाईनं सांगायला सुरुवात केली. नवा व्हिडिओ करते, तुम्ही माझ्या शेजारी बसा, तुमचं नाव मोठ्या अक्षरात टाकते, जुना काढून टाकते. झुंबरबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"ते करा तुमी. करायलाच पायजे. पण मोबाईलातल्या बाया मला कुठं वळखतात? माझी सून खोटी पडली ती तुमच्या हालमदी. धा बाया हसल्या तिला. त्या बायांम्होरं सांगा."

"सांगते."

"आठवत न्हाई म्हनलात, ते बी सांगा."

कावेरीबाईंनी मान डोलावली. झुंबरबाईंनी चहाचं विचारलं. कावेरीबाई हो म्हणाल्या, कारण नाही म्हणण्याचा अधिकार आपल्याला उरला आहे असं त्यांना वाटेना. शेजारच्या पोरीनं आणून दिलेला चहा लय गोड होता. तो त्यांनी शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला.

परतीच्या गाडीत त्यांनी निवेदिताबाईंना फोन केला.

"अहो, कशाला हॉलमध्ये?" निवेदिताबाई वैतागल्या. "मी गुपचूप फुली खोडते, तिचं नाव यादीत घालते, स्टॉल देऊन टाकू. तुमचीही इज्जत राहील, मंडळाचीही."

ती वाट किती सोपी होती! गाडीच्या खिडकीतून परभणीची घरं दिसू लागेपर्यंत कावेरीबाई त्या वाटेचा विचार करत होत्या, हे त्यांनी पुढं कुणाला सांगितलं नाही. शेवटी पुन्हा फोन लावून म्हणाल्या, "फुली खोडा. पण सांगणार मी हॉलमध्येच."

रविवारी बक्षीस समारंभ होता. हॉल भरला होता. मधल्या रांगेच्या कडेला शिवकन्या बसली होती. निरोप मिळाला म्हणून ती आली होती, पण कावेरीबाईंनी नमस्कार केला तेव्हा तिनं नजर दुसरीकडं वळवली. दत्तोपंत मागं दाराशी उभे. आज मोबाईल त्यांच्या खिशात होता.

कावेरीबाई माईकपाशी गेल्या. लिहून आणलेला कागद त्यांनी न वाचताच दुमडून मुठीत धरला.

"उसाच्या दशम्या माझ्या सासूबाईंच्या नाहीत," त्या म्हणाल्या. "त्या पिंगळीच्या झुंबरबाईंच्या. त्यांनी मला माझ्या घरात, माझ्या गॅसपाशी उभं राहून शिकवल्या. मी त्यांचं नाव घेतलं नाही. विसरले म्हणून नाही. घ्यायची लाज वाटली म्हणून. परवा त्यांच्या सुनेनं मला याच हॉलमध्ये विचारलं, तेव्हा मला सगळं आठवत होतं. मी आठवत नाही म्हणाले. ती खरी होती, खोटी मी होते."

पहिल्या रांगेतून त्यांची मोठी जाऊ, कुसुमबाई, उठून म्हणाली, "पण कावेरी, सासूबाईंचं नाव असं मध्ये आणायचं म्हणजे..."

"सासूबाई असत्या तर ती दशमी आपल्या घराच्या उंबऱ्याच्या आत आली नसती, वहिनी. तुम्हालाही माहीत आहे."

कुसुमबाई खाली बसल्या. कुणी टाळी वाजवली नाही. निवेदिताबाईंनी खाकरून यादीत एक नाव वाढल्याचं सांगितलं, शिवकन्येचं, प्रदर्शनाच्या स्टॉलसह. तेव्हा मागून दोन-चार टाळ्या आल्या आणि थांबल्या. कावेरीबाई घामेजल्या होत्या. माईकपासून दूर व्हायला त्या वळल्याच होत्या.

"काकू, थांबा."

शिवकन्या उभी राहिली होती. तिचा हात वर होता आणि हातात मोबाईल होता.

"आत्याबाई लाईनवर हायेत. पर मधीच आवाज तुटला. त्यांना कायच आयकू आलं न्हाई." ती खुर्च्यांमधून वाट काढत पुढं आली आणि मोबाईल माईकच्या शेजारी धरला. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, हसूही नव्हतं. "परत सांगा. पहिल्यापासून."

सगळा हॉल बघत होता. मोबाईलातून कोंबडीचा आवाज येत होता, मग झुंबरबाईंचा, "हां, बोला, आता येतंय."

कावेरीबाई मोबाईलाकडं वळल्या. मुठीतला कागद घामानं भिजून लगदा झाला होता.

"झुंबरबाई," त्या म्हणाल्या, "मला सगळं आठवत होतं," आणि पुन्हा पहिल्यापासून सांगू लागल्या.