विसाव्या पानापर्यंत

इतका नीटनेटका आणि इतका अयशस्वी माणूस मी उभ्या आयुष्यात दुसरा पाहिला नाही. सिंगापूरच्या दमट उकाड्यात बँकेतले साहेबसुद्धा ऑफिसच्या दारापर्यंत टाय खिशात ठेवतात. आमचा हा स्नेही मात्र रोज सकाळी कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, गळ्याशी आवळलेला टाय आणि छातीवर नावाची काळी पट्टी अशा थाटात बाहेर पडायचा आणि दिवसभरात एकाही माणसाला आपलं म्हणणं न पटवता त्याच थाटात परत जायचा. पट्टीवर लिहिलेलं 'एल्डर', म्हणजे वडीलधारे. भेटलो तेव्हा ह्या वडीलधाऱ्यांचं वय एकोणीस होतं आणि गालावर दाढीची नुसती अफवा होती. हा अमेरिकेतल्या आयडाहोतल्या, बटाटे पिकवणाऱ्या घरातला मुलगा. त्याच्या मॉर्मन पंथाने त्याला दोन वर्षं धर्मप्रचाराला धाडलं होतं. कुठे जायला आवडेल, असं काही विचारायची पद्धत नाही. पत्र आलं, त्यात सिंगापूर निघालं, आणि घरातल्या सगळ्यांनी मिळून ते नकाशावर शोधलं, असं तो स्वतःच हसत सांगायचा.

आमची गाठ पडली ती बुकित पंजांगच्या एलआरटीत. ही चिमुकली गाडी आमच्या इमारतींभोवती गोल फिरते आणि घरांच्या जवळून जाताना तिच्या काचा आपोआप धुरकट होतात. प्रवाशांनी लोकांच्या संसारात डोकावू नये म्हणून ही सोय. ज्या शहरात गाडीच्या काचांनासुद्धा एवढी भीड, तिथे हा मुलगा दांडीला लटकून अनोळखी माणसांना विचारत होता, "तुम्ही देवाबद्दल काय विचार करता?" मी चांगी बिझनेस पार्कात दिवसभर ऑडिटवाल्यांशी डोकं फोडून बेटाच्या दुसऱ्या टोकाला परतत होतो. अशा वेळी मी देवाबद्दल जो विचार करतो तो छापण्याजोगा नसतो. मी तो त्याला सविस्तर ऐकवला. त्याने मनापासून मान डोलावली. तेवढ्यात माझं स्टेशन गेलं, त्याचंही गेलं, आणि गाडी गोल फिरत असल्यामुळे आम्ही एक अख्खी प्रदक्षिणा घातली. उतरताना मी शिष्टाचार म्हणून म्हटलं, "नेक्स्ट टाइम." तिथेच चुकलं.

सिंगापुरात 'नेक्स्ट टाइम' ह्याचा अर्थ 'कधीही नाही' असा होतो, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. आमच्या एल्डरला ते कोणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी त्याचा विश्वास बसला नसता. त्याच्याकडे एक निळी डायरी होती. कोणी 'नेक्स्ट टाइम' म्हटलं की हा तत्परतेने वार आणि वेळ विचारून ती तीत टिपून घ्यायचा आणि त्या वारी, त्या वेळी हजर व्हायचा. आमच्या लिफ्टपाशी बसणाऱ्या एका चिनी आजीबाईंनी त्याला ओळीने सहा बुधवार, इथल्या बोलीचं शेपूट लावून, "नेक्स्ट टाइम लाह" सांगितलं. सातव्या बुधवारी वैतागून त्यांनी त्याच्यापुढे पपई कापून ठेवली. त्याने डायरीत त्या तारखेसमोर 'प्रगती' असं लिहिलं. मला दाखवलंसुद्धा.

आमच्याकडे तो पहिल्यांदा आला एका रविवारी, बरोब्बर चारच्या ठोक्याला. सोबत गाडीतही त्याच्या मागे उभा असलेला त्याचा जोडीदार होता, टोंगा बेटावरचा, आमच्या दरवाजाएवढा. दोघांनी एकमेकांना क्षणभरही नजरेआड करायचं नाही असा त्यांचा नियम आहे. माझ्या लग्नाला बावीस वर्षं झाली, पण इतकी कडक अट आमच्यातही नाही. जोडीदार फारसं बोलत नसे. पोह्यांच्या बाबतीत मात्र त्याची श्रद्धा अढळ होती. बायकोने सवयीने आल्याचा चहा टाकला. "आम्ही चहा घेत नाही," एल्डर नम्रपणे म्हणाला. "मग कॉफी?" "कॉफीही नाही." बायकोने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी पाहुणे म्हणून दोन पेशंट उचलून आणलेत. शेवटी कोकम सरबतावर तह झाला.

मग त्याने पिशवीतून त्याच्या पंथाचं एक जाडजूड निळं पुस्तक काढलं, माझ्याकडून पेन मागून घेऊन एका कार्डावर काहीतरी खरडलं आणि ते कार्ड विसाव्या पानात खुणेसाठी घालून पुस्तक माझ्या हातात दिलं. "अंकल, सध्या इथपर्यंतच. पोचलात की मला नक्की सांगा." मी पुस्तक बाजूला ठेवलं आणि त्यालाच तासभर व्याख्यान दिलं. मी पुण्याचा. देव आहे की नाही ह्यावर बोलायला मला पुस्तक लागत नाही, समोर माणूस असला की पुरतं. तो सगळं डायरीत लिहून घेत होता आणि अडलं की स्पेलिंग विचारत होता. अखेर माझी मुलगी आतून ओरडली, "बाबा, डोन्ट बुली हिम लाह!"

तेव्हापासून तो दर रविवारी येऊ लागला. धर्माच्या बाबतीत त्याची गाडी सारखी अडखळायची. मी एक शंका काढली की तो म्हणे, "हे मला विचारून सांगावं लागेल." पण बटाट्याच्या बाबतीत त्याच्याइतका अधिकारी पुरुष ह्या बेटावर नव्हता. बायकोची भाजी चाखून त्याने पहिल्या घासाला सांगितलं, की हा बटाटा भाजीचा नाही, तळायचा आहे. बायकोने आजवर माझं एवढं कधी ऐकलं नसेल. पुढच्या आठवड्यात दुकानातून त्याने सांगितलेला बटाटा आला. मी त्याला सुचवलं, की तू बटाट्याचा प्रचार कर, महिन्याभरात अख्खं बुकित पंजांग तुझ्या मागे येईल. तो खो खो हसला आणि नंतर गंभीरपणे म्हणाला, "पण त्यासाठी मला पाठवलेलं नाही, अंकल."

आमच्याकडचा आग्रह त्याला झेपत नव्हता. मी त्याला 'पुरे' हा शब्द शिकवला. तो ताटावर हात धरून "पुरे, पुरे" म्हणायचा आणि बायको त्याच्या बोटांच्या फटीतून आणखी एक पोळी सोडायची. एका रविवारी मात्र तिची संकष्टी होती आणि योगायोगाने त्याचाही महिन्याचा उपास होता. बायकोला भरून आलं. तिने दोघांपुढे साबुदाण्याच्या खिचडीच्या बशा ठेवल्या. "नाही आंटी, उपास आहे." "अरे बाळा, उपासाचीच आहे!" "उपास म्हणजे काहीच नाही. पाणीसुद्धा नाही." बायको बशी हातात धरून उभीच राहिली. खिचडी, वऱ्याचे तांदूळ, दाण्याची आमटी आणि वर केळ्याची शिकरण असा कडक उपास करणाऱ्या आमच्या घराण्यावर हा सरळ सरळ घाला होता. पण त्या दिवशी तिच्या नजरेत तो जो चढला, तो कायमचा. जोडीदार खिचडीकडे शेवटपर्यंत पाहत होता.

खरा घोटाळा झाला तो पुस्तकाचा. देवाचं पुस्तक टीपॉयवर, वर्तमानपत्रांच्या ढिगात लोळलेलं बायकोला चालेना. तिने ते उचलून देव्हाऱ्यात ठेवलं, बाळकृष्णाच्या शेजारी. आणि देव्हाऱ्यात ठेवलं म्हटल्यावर रोज त्याला हळदकुंकू लागू लागलं, फूल वाहिलं जाऊ लागलं. आमच्यात पुस्तकाला नमस्कार करायला ते वाचावं लागत नाही. कित्येक पोथ्यांशी आमचे असेच सलोख्याचे संबंध आहेत. पण एल्डरने ते पाहिलं आणि त्याचे कान लालबुंद झाले. सात महिन्यांत ह्या शहरात त्याचं पुस्तक पहिल्यांदाच कोणी डोक्याशी लावताना तो पाहत होता. त्याने डायरी काढून आमच्या नावापुढे भला मोठा तारा काढला. मी खुलासा करायला तोंड उघडलं आणि का कोण जाणे, मिटलं.

पुढच्याच रविवारी दोघं आले. जोडीदार स्वयंपाकघराच्या दारात बायकोला नारळ खवून देत होता. एल्डरने डायरी बाहेर काढलीच नाही.

"अंकल, मी घरी जायचं म्हणतोय," तो म्हणाला. "उद्या आमच्या प्रमुखांना सांगणार."

"दोन वर्षं संपायच्या आधी?"

"इतके महिने झाले. एका माणसानेसुद्धा एक पान वाचलेलं नाही. लोक पपई देतात, छत्री देतात. वाचत नाही कोणी. मधेच परत गेलो तर बाबा काही बोलणार नाहीत. तेच वाईट आहे." मग त्याने देव्हाऱ्याकडे पाहिलं. "तुम्ही तरी वाचताय ना?"

मी तोंडावर खरं बोलणारा माणूस म्हणून नात्यागोत्यात बदनाम आहे. सख्ख्या मेव्हण्याच्या लग्नात, मुलीच्या वडिलांना जिलबी मऊ पडलीय हे मीच सांगितलं होतं. तो मी म्हणालो, "वाचतोय तर! साठाव्या पानावर आलो."

"साठाव्या?"

"साठाव्या."

तो माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिला. "कसं वाटतंय?"

"भाषा प्रवाही आहे," मी म्हणालो.

आणि तो हसला. अगदी पोट धरून हसला. मग उठून स्वयंपाकघराशी गेला आणि त्याने आपण होऊन बायकोकडे खायला मागितलं. घरी जाण्याचा विषय त्याने पुन्हा काढला नाही. पुस्तकाचाही काढला नाही, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही. मी आपला आयुष्यात एकदा खोटं बोलून एका पोराला सावरलं, म्हणून स्वतःवर खूश होतो.

चार महिन्यांनी त्याची बदली झाली आणि निरोप घ्यायला दोघं आले. बायकोने चिवड्याचा डबा दिला. त्याने तिच्या वहीत आपल्या शेताचा पत्ता लिहून दिला, माझा हात हातात घेतला आणि म्हणाला, "अंकल, नेक्स्ट टाइम." मी खाली जाऊन दोघांना एलआरटीपर्यंत सोडलं. गाडी वळली, काचा धुरकट झाल्या, आणि मला पुढचं काही दिसलं नाही.

परवा दिवाळीच्या साफसफाईत बायकोने देव्हारा रिकामा केला आणि पुस्तक माझ्या हातात दिलं. कुंकवाने त्याच्या कडा लाल झाल्या होत्या. विसाव्या पानात ते कार्ड तसंच होतं. त्यावर माझ्याच पेनने लिहिलं होतं, 'अंकल, आज मी वीस वर्षांचा झालो. तुमच्या शहरात हे कोणालाच माहीत नाही. इथपर्यंत पोचलात तर सांगा, मी केक आणीन.'

म्हणजे त्याच्या वाढदिवशी मी त्याला तासभर झोडपत होतो. आणि मी साठावं पान म्हटलं, तेव्हाच त्याला सगळं कळलं होतं. तरी तो राहिला. मी खाली बसलो. मला लाज वाटली, आणि त्याची फार आठवण आली.

"काय झालं हो?" बायकोने विचारलं. मी कार्ड तिला दाखवलं. तिने ते दोनदा वाचलं आणि पत्त्याची वही शोधायला गेली. पण मी लगेच पत्र लिहिलेलं नाही. कार्ड होतं तिथेच परत ठेवलं आणि पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. भाषा मुळीच प्रवाही नाही. आज चौदाव्या पानावर आहे.