तेरादासानना प्रत्येक गाडी नीट वाटायची

जपानात तेनऱ्यू नदी समुद्राला मिळते तिथल्या वाळूत शिराने मोटर कंपनीचा चाचणीचा ट्रॅक आहे. हिवाळ्यात तिथे असा वारा सुटतो की डबा उघडला की भाताला वाळूची फोडणीच बसते. मी त्या कंपनीत मोटोक्रॉसच्या, म्हणजे खाचखळग्यांतून उड्या मारत शर्यत करायच्या गाड्यांच्या चेसिस, त्यांचे सांगाडे, जोडायचो. आणि जोडून झालेली गाडी पहिल्यांदा त्या वाळूत उडवायचे ते तेरादा इसामु; आम्ही त्यांना मानाने तेरादासान म्हणायचो.

तेरादासान अंगाने बुटके, पाय आखूड, मनगटं मात्र मुळ्यासारखी जाड. तरुणपणी आमच्या भागातल्या शर्यती त्यांनी जिंकल्या होत्या. नंतर कंपनीने त्यांना चाचणीवर घेतलं आणि ते तिथेच मुरले. ट्रॅकवर फेऱ्या मारून ते परत यायचे, हेल्मेट काढायचे, नाकातली वाळू शिंकरायचे. आम्ही सगळे, इंजिनवाले, शॉकअपवाले, चेसिसवाले, वाऱ्यात कुडकुडत त्यांच्या तोंडाकडे बघत उभे. मग ते हसून म्हणायचे, "नीट आहे."

झालं. आम्ही वाकून आभार मानायचो आणि गाडी शर्यतीला रवाना व्हायची.

शर्यतीत ती सातवी यायची. कधी आठवी. एकदा पाचवी आली, कारण पुढचे दोघे एकमेकांवर आदळले होते. तरीही त्या दिवशी आम्ही कॅन्टीनमध्ये सणासुदीचा लाल भात करायला लावला.

आमच्या स्कूटरवर बसून अख्ख्या देशातल्या बायका भाजी आणायला जात, तिथे आमचा हात धरणारं कुणी नव्हतं. उड्या मारायच्या गाड्यांत मात्र बाकीच्या कंपन्या आमच्यावर चिखल उडवून पुढे जायच्या. इंजिनवाले म्हणायचे, इंजिनात दम आहे, पण चेसिस तो वाळूत सांडते. आम्ही म्हणायचो, चेसिसला काय धाड भरलीय, शॉकअप बोंबलतात. शॉकअप विभागाचे इनागाकी म्हणायचे, रायडरलाच चालवता येत नाही. रायडर बिचारा म्हणायचा, "अहो, मागचं चाक लाथ मारतं!" त्यावर आम्ही सगळे एका सुरात म्हणायचो, "कसं शक्य आहे? तेरादासान म्हणाले नीट आहे." पुढच्या वर्षी रायडर बदलायचा.

शेवटी मुख्य कचेरीने माकाबे नावाचे एक साहेब पाठवले. ते याआधी गवत कापायच्या यंत्रांचा विभाग बघत होते. मोटरसायकलवर जन्मात बसले नव्हते. पहिल्या दिवशी सायकलवरून आले, पँटच्या पायांना चिमटे लावून. आम्ही मनातल्या मनात कपाळावर हात मारला.

"गवताच्या यंत्रात आपण पहिले आहोत," ते म्हणाले. "इथे मागे का, एवढंच मला समजून घ्यायचंय."

त्यांनी आधी प्रतिस्पर्ध्यांची गाडी आणवली. कंपनीच्या नावाने घ्यायची लाज, म्हणून माझ्या मेव्हण्याच्या नावावर घेतली. त्याचं तोफूचं दुकान. विक्रेत्याने त्याला आपादमस्तक न्याहाळून विचारलं, "या गाडीवरून तोफू पोचवणार?" मेव्हणा म्हणाला, "आमची गिऱ्हाइकं डोंगरात राहतात."

तेरादासाननी ती गाडी चालवली. परत आले, नाक शिंकरलं. "नीट आहे."

"आणि आपली?" माकाबेसाहेबांनी विचारलं.

"आपलीही नीट आहे."

"दोघींत फरक काही?"

तेरादासान मनापासून विचारात पडले. वारा सुटला होता, आम्ही श्वास रोखून उभे.

"रंग," ते म्हणाले.

संध्याकाळी माकाबेसाहेब मला बाजूला घेऊन म्हणाले, "हाराकावासान, उद्या आपली एक गाडी बिघडवून द्याल? माणूस पडणार नाही, पण कुणालाही कळेल इतपत."

स्वतःच्या हाताने जोडलेली गाडी बिघडवणं म्हणजे आपल्याच पोराला परीक्षेत नापास करणं. पण साहेबांचा शब्द. मी पुढच्या एका शॉकअपमधलं तेल काढलं, हँडल किंचित वाकवलं, मागची स्प्रिंग ढिली केली. पहिल्या उडीला गाडी हवेतून खेकड्यासारखी तिरकी उतरली आणि मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा तेरादासाननी कंबर एका बाजूला टाकून तिला सरळ केलं होतं. पुढच्या फेरीत तर ती रोजच्यासारखीच पळायला लागली.

"आज डावीकडे जरा ओढ आहे," ते परत येऊन म्हणाले.

माकाबेसाहेबांनी टुणकन उडीच मारली. "म्हणजे वाईट आहे?"

"छे छे! वारा असेल."

एवढ्यावरून तेरादासान खोटं बोलत नाहीत हे साहेबांना पटलं. पण मग आहे काय हे? त्याचं उत्तर कारखान्यात सापडलंच नाही. ते सापडलं तेरादासानच्या घरी, जेवणाच्या चौरंगावर. त्यांनीच साहेबांना आणि मला एका रविवारी दुपारी जेवायला बोलावलं होतं. त्यांच्या बायकोचं, फुसाएसानचं, घराच्या पुढच्या खोलीत बायकांचे केस कापायचं दुकान. बाई बोलायला मोकळ्या.

साहेबांनी सहज विचारलं, "तेरादासान घरी कधी कुरकुर करतात का हो?"

"हे?" फुसाएसान हसत सुटल्या. "अहो साहेब, एकदा मी चहाच्या डब्यात चुकून सुपात घालायचं वाळकं समुद्री शेवाळ भरलं. आठवडाभर हे रोज सकाळी त्याचा चहा पीत होते. मी एक घोट घेतला आणि धावत मोरीवर गेले. यांना विचारलं, तर म्हणतात, नीट आहे, थोडी समुद्राची आठवण येते."

"चांगला लागायचा," तेरादासान म्हणाले.

"ऐका! आणि माझ्याकडे शिकायला पोरी यायच्या ना, त्या सगळ्यांनी पहिला हात यांच्याच डोक्यावर साफ केला. हे आरशात बघणार आणि म्हणणार, छान. पोरींना वाटायचं, आलं आपल्याला. मग खरं गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की रडारड! वर्षानुवर्षं एकही पोरगी धड तयार होईना."

माकाबेसाहेबांच्या जेवायच्या काड्यांतला मुळ्याचा तुकडा तोंडापाशी येऊन थांबला. "मग काय केलंत?"

"यांचं डोकं बंद केलं. गल्लीतल्या त्सुनेसानना बोलावलं. म्हातारी अशी खडूस की कात्री लागायच्या आधीच किंचाळते. पोरी तिला टरकून असायच्या, पण बघता बघता शिकल्या."

मुळा वाटीत परत पडला. मला कळलं, साहेबांना कळलं, आणि बाईंच्या ध्यानीमनी नसताना तेरादासाननाही कळलं. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू होतं तिथेच राहिलं, फक्त आतलं कुणीतरी उठून गेल्यासारखं वाटलं.

"म्हणजे साहेब," ते हळूच म्हणाले, "गाडी मागे राहते ती माझ्यामुळे?"

साहेब सभ्य माणूस. हो म्हणवेना, नाही म्हणता येईना. ते म्हणाले, "लोणचं फारच उत्तम झालंय."

दुसऱ्या दिवशी तेरादासान माझ्या टेबलापाशी आले. "हाराकावा, तुम्ही सगळे खपून गाडी करता. मग वाऱ्यात उभे राहून माझ्या तोंडाकडे बघता. ती तोंडं बघितली की मला गाडी खरंच आवडते रे. खोटं नाही सांगत."

"मला माहीत आहे," मी म्हणालो.

मला वाटलं, आता हा माणूस राजीनामा देणार. पण त्यांनी साहेबांना जाऊन सांगितलं, "आपल्याला एक त्सुनेसान लागेल. माझ्या माहितीत आहे एक."

तो होता नोझुए. चांगला रायडर, पण दोन संघांनी त्याला नुसत्या तोंडामुळे हाकललं होतं. सध्या तोयोहाशी गावात मामाच्या टायरच्या दुकानात बसून गिऱ्हाइकांना टायर किती भिकार आहेत ते सांगत असे. तेरादासान भेट म्हणून मांजूची, गोड सारण भरलेल्या वाफवलेल्या पावांची, पेटी घेऊन गेले, सोबत मी. नोझुएने एक मांजू चावला आणि म्हणाला, "काका, आतलं सारण कोरडं आहे."

तेरादासाननी माझ्याकडे असं पाहिलं, जणू हिरा सापडला.

नोझुए आला आणि आमच्या सुखाच्या दिवसांवर नांगर फिरला. पहिल्याच दिवशी दोन फेऱ्या मारून त्याने गाडी वाळूत आडवी टाकली. "ही गाडी आहे की लाथाळ गाढव? आणि ही सीट कुणी बनवली? त्याला एकदा बसवा हिच्यावर!" सीटवाला तिथेच उभा होता. तो घरी जाऊन आजारी पडला. इनागाकी तर नोझुए दिसला की संडासात जाऊन बसायचे. महिनाभरात असं झालं की तक्रारींचा नुसता पाऊस, पण ऐकायला ट्रॅकवर कुणी नाही.

ऐकायला उरले फक्त तेरादासान. नोझुएचं तोंड त्यांना लागायचंच नाही. ते त्याच्याशेजारी वाळूत मांडी घालून बसायचे, थर्मासमधला चहा ओतायचे आणि विचारायचे, "लाथ मारते म्हणजे कुठे? वळणाआधी की वळण सुटल्यावर?"

"सुटल्यावर! काका, तुम्हाला कळत नाही का?"

"नाही ना. म्हणून तर तुला विचारतोय."

मग ते स्वतः गाडी काढून त्याच वळणावर पुन्हापुन्हा जायचे, कंबर मुद्दाम न हलवता, आणि एकदोनदा आपटूनही आले. आयुष्यात पहिल्यांदा ते गाडीला सांभाळून न घेता चालवायला शिकत होते. संध्याकाळी ते इनागाकींच्या दाराशी उभे राहायचे.

"नोझुए काय म्हणाला?" इनागाकी आतूनच घाबरून विचारायचे.

"म्हणतो, वळण सुटल्यावर मागचं चाक जरा उत्साही होतंय."

"उत्साही?" इनागाकींचा चेहरा खुलायचा. "असं होय! मग त्याला थोडं शांत करू."

गाढव, खेचर, भंगार, फुटकी बादली, यातलं काहीही आत जाताना 'जरा संकोची', 'थोडी घाईची', 'मनमोकळी' होऊन जायचं. सीटवाल्याला सांगितलं गेलं की रायडरला तुमच्या सीटवरून उठावंसंच वाटत नाही, म्हणून ती थोडी टणक करा. तो बरा झाला. आम्ही तीन वेळा चेसिस बदलली आणि कुणाचा अपमान झाला नाही.

पुढच्या हंगामात, पावसाने लोणी झालेल्या मातीत, आमची गाडी तिसरी आली. कुणी कुणावर आदळलं नव्हतं. माकाबेसाहेब सायकलचे चिमटे लावलेल्या पँटनिशी चिखलात गुडघाभर उतरले आणि रडले. नोझुएने मंचावर उभं राहून कप उलटा करून पाहिला आणि माइकवर म्हणाला, "बूड डुगडुगतंय."

साहेबांनी आम्हा सगळ्यांना जुन्या नावाजलेल्या दुकानात ईल मासा खायला नेलं. नोझुएने पहिला घास घेतला आणि रस्सा फार गोड आहे असं मोठ्याने सांगितलं. मालक त्याच हंडीत भर घालत चार पिढ्या तो रस्सा जपणाऱ्या घरातला. त्याने बाहेर येऊन नोझुएला दार दाखवलं. साहेब माफी मागत वाकत राहिले. तेरादासान शांतपणे उठले आणि त्याच्यामागे बाहेर पडले. ताट सोडून मीही गेलो.

आम्ही तिघे स्टेशनजवळच्या गाड्यावर ग्योझा, तव्यावर परतलेल्या खिम्याच्या करंज्या, खात उभे राहिलो.

"काका," नोझुए तोंड भाजत म्हणाला, "पुढच्या वर्षी पुढचे दोघे कसे गाठायचे?"

"क्लच कसा वाटला तुला?"

"क्लच? क्लचबद्दल बोलायला लागलो तर इथेच सकाळ होईल."

तेरादासाननी गाडेवाल्याला आणखी एक प्लेट सांगितली, बाकड्यावरची माझी टोपी उचलून मला दिली आणि नोझुएला बसायला जागा करून दिली. "सांग," ते म्हणाले. "बसून सांग."