ताप लपवून खेळलेला सामना

सगळ्यात आधी माफी मागतो. आजारपणावर लिहावं ते डॉक्टरांनी, नाहीतर ज्यांनी खरंच फार सोसलं त्यांनी. मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाचा मुलगा. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे चार पानं लिहून झाली की ती कुणाला दाखवायची असतात हेही मला माहीत नाही. शिवाय आमच्याच गल्लीत माझ्यापेक्षा जास्त सोसलेली माणसं आहेत आणि ती गप्प आहेत. तरी लिहितो. पुढे कधी अशी साथ आली आणि सामने खेळायचे का, असा प्रश्न कुठल्या कॉलेजच्या पोरांपुढे आला, तर माझं झालं ते त्यांना माहीत असावं. त्यातलं काय घ्यायचं ते त्यांनी बघावं.

नाशिकच्या एका दवाखान्यात डॉक्टर मॅडमनी माझे कागद समोर ठेवले आणि म्हणाल्या, "मायोकार्डायटिस." मी तो शब्द पहिल्यांदा ऐकला. वडिलांनीही. मॅडमनी पेन खाली ठेवून समजावलं, "हृदय म्हणजे एक स्नायूच असतो. त्याला सूज आली आहे. कोरोना होऊन गेल्यावर काही जणांना येते. पाय सुजला तर आपण पाय हलवत नाही. हृदयाला तशी सुट्टी देता येत नाही, म्हणून बाकीच्या शरीराला द्यायची. तीन ते सहा महिने पळणं, खेळणं, वजन उचलणं पूर्ण बंद."

वडील चांदवडला कांद्याच्या गोण्या उचलतात. त्यांनी विचारलं, "मॅडम, जिना चढला तर चालंल का?"

"हळूहळू चालेल." मग मॅडम माझ्याकडे वळल्या. "ताप असताना खेळला होतास? पळापळ, मेहनत काही?"

"नाही," मी म्हणालो.

"नाय मॅडम," वडील म्हणाले, "पोरगं खोटं नाय बोलायचं."

मॅडमनी कागदावर काहीतरी लिहिलं. हृदयाचा आलेख काढणारं मशीन मला लावलेलंच होतं. त्यावरचे ठोक्यांचे आकडे वाढत गेले ते मलाही दिसत होते.

आता मागचं सांगतो.

पहिली लाट ओसरल्यावर कॉलेज उघडलं, त्या मधल्या थोड्या आठवड्यांतली ही गोष्ट. आमचा कबड्डीचा संघ होता. वर्षभर सराव नाही, मैदानावर गवत. तेवढ्यात आंतरमहाविद्यालयीन सामने होणार अशी नोटीस लागली. क्रीडाशिक्षक सरांनी आम्हाला पायऱ्यांवर बसवलं आणि सरळ विचारलं, "मी कुणाला जबरदस्ती करणार नाही. आजार अजून गेलेला नाही. ज्याला खेळायचं नसेल त्यानं हात वर करावा."

कुणीच हात वर केला नाही. सर वाईट नव्हते. पण सगळ्यांच्या समोर, कॅप्टनच्या शेजारी बसून हात वर करणं आमच्यापैकी कुणाला जमणार होतं? आधीच नऊच पोरं हॉस्टेलला परतली होती. सात खेळणारे, दोन राखीव. त्यातल्या एकाचा गुडघा गेलेला. एक जण कमी झाला तर संघ निम्मा लंगडा होणार हे सगळ्यांना दिसत होतं. आणि प्रमाणपत्र प्रत्येकाला हवं होतं. आमच्यातले निम्मे पोलीस भरतीच्या मागे होते.

माझ्यासाठी अजून एक गोष्ट होती. वर्गात मी मागे पडतो. इंग्रजीतलं अर्धं डोक्यावरून जातं. ऑनलाइन तासांना तर गावाबाहेरच्या टेकाडावर जाऊन उभं राहायचो, तरी सरांचा आवाज तुटत यायचा. मैदान ही कॉलेजातली एकच जागा, जिथं कुणी मला दोनदा समजावून सांगत नव्हतं. ती परत मिळत होती.

मी डाव्या कोपऱ्यात उभा राहायचो आणि माझ्या शेजारी सलीम. कबड्डीत समोरचा गडी चढाईला आला की बचाव करणारे दोघं-दोघं हात धरून साखळी करतात. आमची साखळी पहिल्या वर्षापासून तीच होती. सलीम मालेगावचा. त्याचे अब्बा यंत्रमागावर, अम्मी घरी बसून कांड्या भरायची, म्हणजे मागासाठी सूत गुंडाळून द्यायची. आमच्या जर्सीचे छापलेले नंबर दोन धुण्यांत निघाले, तेव्हा सलीम सगळ्या जर्सी घरी घेऊन गेला आणि अम्मीनं कापडाचे नंबर कापून हातानं शिवून दिले. नंतर एका सामन्यासाठी आम्ही मालेगावला गेलो तर सगळ्या संघाला घरी जेवायला बोलावलं. अम्मीनं मला पाठमोरं वळवून नंबर ओढून बघितला आणि म्हणाली, "अब देखती हूँ कैसे निकलता है."

सामना शुक्रवारी होता. गुरुवारी संध्याकाळी माझं अंग दुखायला लागलं. सरावाचं असेल, असं मी स्वतःला सांगितलं. रात्री थंडी वाजली. सकाळी अंग तापलेलं होतं आणि मला ते कळत होतं. हे मी स्पष्ट लिहितो, कारण नंतर खूप दिवस मी स्वतःलाच सांगत होतो की मला नीट कळलं नव्हतं.

ज्या मैदानावर सामने होते, तिथं फाटकावर कपाळाला मशीन लावून ताप बघत होते. रांग उन्हात. ऊन लागून चांगल्या पोरांचाही ताप जास्त दाखवायचा आणि रांग अडायची. म्हणून फाटकावरचे काका सगळ्यांनाच सांगत होते, "अरे, आधी नळावर तोंड धुवून या, मग मशीनपुढं उभे राहा." अख्खा जिल्हा तोंड धुवून आत जात होता. त्या नळावर मी जरा जास्त वेळ थांबलो. ओला रुमाल कपाळावर दाबून धरला. काकांनी मशीन लावलं, आकडा बघितला, म्हणाले, "चल, आत."

नोटिशीत लिहिलं होतं, खेळाडूंनी मास्क लावावा. पहिल्याच चढाईला पंचांनी शिट्टी मारली. मास्कमुळे चढाई करणाऱ्याचा 'कबड्डी कबड्डी' हा दम त्यांना ऐकू येत नव्हता, आणि दम ऐकू आला नाही तर गडी बाद. दोन मिनिटं चर्चा झाली. मग सगळ्यांचे मास्क बाकावर गेले. एकमेकांच्या तोंडापुढे ओरडायचा हा खेळ. त्या साथीत खेळायला याहून वाईट खेळ कुणाला सुचला नसता, पण त्या दिवशी हे कुणी बोललं नाही. मीही नाही.

साखळी धरली तेव्हा सलीम म्हणाला, "अबे, तेरा हाथ तो तवा झालाय."

"वॉर्मअप झालाय," मी म्हणालो.

"एवढा वॉर्मअप? चपाती भाजू का?"

मी हसलो. तोही हसला, आणि त्यानं हात अजून घट्ट धरला. समोरचा गडी आत आला होता.

आम्ही तो सामना चार गुणांनी जिंकलो. पुढची फेरी झालीच नाही, कारण दोन दिवसांत सगळं परत बंद झालं.

शनिवारी सलीम घरी गेला. सोमवारी माझी आरटीपीसीआर झाली. यात नाकात आणि घशात काडी घालून नमुना घेतात आणि विषाणू आहे का ते बघतात. पॉझिटिव्ह आली. मी सरांना कळवलं, सरांनी सगळ्यांना. मी काय सांगितलं? की रविवारी ताप आला. तीन दिवस मी पुढे ढकलले.

माझा कोरोना तसा हलका गेला. कोविड सेंटरला दहा दिवस, गोळ्या, बोटाला लावायचा ऑक्सिमीटर. तो रक्तातला ऑक्सिजन दाखवतो. माझा शहाण्णवच्या खाली कधी गेला नाही. तिथंच सलीमचा मेसेज आला, त्यालाही ताप. चार दिवसांनी दुसरा, अम्मीला धाप लागतेय. मग, अम्मीला ॲडमिट केलंय.

घरी आल्यावर बरं वाटलं म्हणून मी एका सकाळी पळायला गेलो. हे तुम्ही करू नका. डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात करू नका. दुसऱ्या फेरीला छातीत दाबल्यासारखं झालं आणि ठोके असे पडू लागले की जणू मधलाच एखादा गळतोय. तालुक्याच्या डॉक्टरांनी ईसीजी काढून थेट नाशिकला पाठवलं. तिथं ट्रोपोनिन ही रक्ताची तपासणी झाली. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की हा पदार्थ रक्तात वाढतो. माझा बराच वाढलेला होता. मग टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. आणि मग तो शब्द, जो मी सुरुवातीला सांगितला.

दवाखान्यातल्या दुसऱ्या दिवशी वडील डबा आणायला खाली गेले, तेव्हा मी मॅडमना खरं सांगितलं. ताप होता, खेळलो, तोंड धुतलं. मॅडम रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंस, उपचारासाठी मला हे माहीत पाहिजे होतं."

मी विचारलं, "मॅडम, माझ्यामुळे मित्राला झालं असेल का? त्याची आई सिरीयस आहे."

"असू शकतं. नसूही शकतं. त्या आठवड्यात नाशकात कुणाकडून कुणाला गेलं हे कुणीच सांगू शकणार नाही."

हे उत्तर ऐकून सुटल्यासारखं वाटेल असं मला वाटलं होतं. तसं वाटलं नाही.

संध्याकाळी वडिलांनाही सांगितलं. ते बराच वेळ डब्याचं झाकण लावत बसले. मग म्हणाले, "त्या पोराला सांगितलं का?"

"नाही."

"मंग माला काय सांगतो? त्याला सांग."

तो बुधवार होता. मी सलीमला आवाज रेकॉर्ड करून पाठवला, कारण लिहायला जमेना. शुक्रवारी मला ताप होता, मला माहीत होतं, वॉर्मअप नव्हता. अम्मी कशी आहे तेवढं सांग. मेसेजवर दोन निळ्या खुणा आल्या. त्यानं ऐकलं होतं. उत्तर आलं नाही.

त्यानंतरचे दिवस मोजायला अवघड होते. दवाखान्यातून सुट्टी मिळाली, चांदवडला घरी आलो. औषध, विश्रांती, दर काही आठवड्यांनी तपासणी. एकदा छातीला होल्टर लावला, हे दिवसभर अंगावर बाळगायचं छोटं मशीन, प्रत्येक ठोका नोंदवतं. प्रतीक्षा कक्षात माझ्या आजूबाजूला सगळे साठीचे. एक आजी म्हणाल्या, "तुला काय झालं रे, प्रेमात पडला का?" सगळे हसले, मीही हसलो. मग मोबाइल बघितला. काही नव्हतं.

सलीमचा एकच मेसेज आला, तीन आठवड्यांनी. "तू आराम कर. नंतर बोलू." मी दहा वेळा विचारलं, अम्मी कशी आहे. कॅप्टनलाही त्यानं 'नंतर बोलू' एवढंच उत्तर दिलं होतं. मालेगाव चांदवडच्या पुढे, नाशिकहून येणाऱ्या त्याच हायवेवर. बंदी उठल्यावर वडिलांबरोबर जाता आलं असतं. नाही गेलो. मॅडमनी प्रवास टाळ म्हटलंय असं घरी सांगायचो. खरं म्हणजे दार कोण उघडेल याची भीती वाटत होती.

या सगळ्या दिवसांत मी त्या प्रश्नाचा विचार करत राहिलो, की सामने व्हायला हवे होते का. मला अजून पक्कं उत्तर येत नाही. नकोच होते असं म्हणालो, तर त्या मैदानासाठी मी किती आसुसलो होतो ते मला आठवतं. व्हायला हवे होते असं तर म्हणवतच नाही. मला एवढंच दिसतं, की ताप आलेल्या पोरालाच तू ठरव म्हणून सोडलं, तर तो चुकीचं ठरवणार. त्याला खेळायचं असतं. त्याच्यामुळे बाकीच्यांचं वर्ष जाणार असतं. सरांनी एकेकाला बाजूला घेऊन विचारलं असतं, न खेळणाऱ्यालाही प्रमाणपत्र देऊ म्हटलं असतं, घरी कोण कोण आहे एवढं जरी विचारलं असतं, तर कदाचित. कदाचित मी तरीही खोटं बोललो असतो. हेही खरं आहे. खेळाडू नऊ असले, तरी मैदानावर त्यांच्याबरोबर त्यांची घरं उतरतात, आणि त्या घरांना कुणी विचारलेलं नसतं.

सहाव्या महिन्यात कार्डिॲक एमआरआय झाला. एका बोगद्यात झोपवून चुंबकानं हृदयाचे फोटो काढतात, दुखत नाही, आवाज फार होतो. रिपोर्ट बघून मॅडम पहिल्यांदा हसल्या. "सूज गेली. डागही राहिला नाही. हळूहळू सुरू कर." वडिलांनी त्यांना वाकून नमस्कार केला तेव्हा त्या खुर्चीतून उठल्या. त्या दिवशी मला सांभाळणाऱ्या सगळ्यांची आठवण आली. रात्रपाळीच्या सिस्टर, पलंगाखालून लादी पुसणाऱ्या मावशी, तालुक्याचे डॉक्टर. त्यांचे उपकार कसे फेडायचे मला कळत नाही.

कॉलेजच्या ग्रुपवर मी लिहिलं, रिपोर्ट नॉर्मल. पोरांनी अंगठे टाकले. अर्ध्या तासानं फोन वाजला. सलीम.

"रिपोर्ट आला म्हणे."

"आला."

"पक्का? दिल एकदम ठीक?"

"हो. मॅडमनी खेळायला सांगितलंय. सलीम, अम्मी कशी आहे?"

मागे कुठंतरी माग चालू होते. तो आवाजापासून लांब गेला असावा, कारण मग त्याचं बोलणं स्पष्ट ऐकू आलं.

"अम्मी गेली रे. तुझा मेसेज आला त्याच्या आदल्या दिवशी. आम्ही कब्रस्तानातून घरी आलो होतो आणि मी तो ऐकला. अब्बांनाही ऐकवला. ते म्हणाले, वो लडका अस्पताल में है, उसका दिल ठीक होने तक कुछ मत बोल."