तारेची गाठ

भिकाजीचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. उठला की आधी पाणी भरायचं, मग चूल पेटवून सहा भाकऱ्या थापायच्या. तीन स्वतःच्या फडक्यात, तीन बायकोच्या, गंगूबाईच्या टोपलीत. टोपली कॉटपासून चार पावलांवर, तांब्या उजव्या हाताला, काठी पायथ्याशी. या जागा बोटभरही हलायच्या नाहीत. साखरेच्या दुखण्यानं गंगूबाईची नजर जाऊन तीन वर्षं झाली होती. घरातली वस्तू जागेवर ठेवणं, एवढंच भिकाजीच्या हातात उरलं होतं.

सहाला ठेकेदाराचा टेम्पो मुळशीच्या फाट्यावर यायचा. चांद्याच्या बाजूला बावीस मजल्यांच्या इमारती उठत होत्या, तिथं भिकाजी सळया बांधायला जायचा. या कामात तीस वर्षं गेली. स्लॅबच्या जाळीत जिथं सळईवर सळई येते, तिथं तारेची गाठ मारायची. बरेच फिटर एक सोडून एक बांधतात. वर काँक्रीट पडल्यावर कोण बघायला येतं? भिकाजी एकही सोडायचा नाही. संध्याकाळी त्याचा उजवा अंगठा वळायचा नाही, तो डाव्या हातानं वळवून घ्यायचा.

त्याच्या स्वतःच्या घरावर मात्र पत्रा होता. एका खोलीवर तरी स्लॅब टाकायचा म्हणून तो पगारातून मागं टाकत आला होता. कोणत्या जाडीची सळई, किती अंतरावर, हे सगळं त्यानं मनात कधीच बांधून ठेवलं होतं.

गंगूबाई एकेकाळी बौद्धवस्तीच्या गायन पार्टीत पुढं उभी राहून भीमगीतं म्हणायची. नजर गेल्यावर तिचं गाणं थांबलं. दिवसभर ती कॉटवर बसून असायची. एकदा भिकाजी घरी आला तर ती भिंतीशी बोलत होती. त्यानं विचारलं, तर म्हणाली, "कुणी तरी बोलाया नगं का? तुमी आल्यावर घोराया लागता."

पुढच्या सुट्टीला तो तिला पौडला शेखरच्या दुकानात घेऊन गेला. शेखर मोबाईल विकायचा, दुरुस्त करायचा. त्यानं काउंटरवर दोन वस्तू ठेवल्या. एक गाण्यांचा छोटा डबा. त्यात कार्ड घालायचं, आणि वर सात बटणं. दुसरा मोठ्या काचेचा फोन.

गंगूबाईनं आधी डबा चाचपला. प्रत्येक बटणावरून बोट फिरवलं, एक दाबलं, गाणं लागलं. पुन्हा दाबलं, थांबलं. तिच्या तोंडावर हसू आलं. मग तिनं फोन हातात घेतला, दोन्ही बाजूंनी फिरवला.

"ह्यो तर निस्ता आरसा हाय. आंधळीला आरसा कशाला दावता?"

शेखर हसला. "मावशी, ह्यात गाणी बी हायेत आन् फोन बी. त्या डब्यात निस्ती गाणी."

"फोन हाय की माझ्याकडं," ती म्हणाली. ब्लाउजमधून तिनं जुना बटणांचा फोन काढला. त्याच्या पाचाच्या आकड्यावर बोटाला लागेल असा ठिपका होता. तेवढ्या खुणेवर ती भिकाजीला बरोबर फोन लावायची आणि त्याचा आला तर उचलायची.

भिकाजीनं मुलीला, तृप्तीला फोन लावला. ती सूसला एका सोसायटीत साफसफाईच्या कामाला होती. तृप्ती म्हणाली, "आबा, मोठाच घ्या. आयेचं तोंड तरी दिसंल मला. नवीन गाणी हितनं पाठवीन. दोन दोन वस्तू कोण चार्ज करत बसणार?"

भिकाजीला ते पटलं. दोन फेऱ्यांचं काम एका फेरीत उरकलं की त्याला बरं वाटायचं. पण एक गोष्ट तो विसरला. वाचले ते बघणाऱ्याचे श्रम होते, चाचपणाऱ्याचे नव्हते. गंगूबाईनं डबा काउंटरवर खाली ठेवला, तरी तिचं बोट थोडा वेळ बटणावर होतं.

"तुमाला पटतंय तर घ्या," ती म्हणाली.

शेखरनं जुन्या फोनमधलं सिम काढून नव्यात घातलं. जुना फोन घरी फळीवर पडून राहिला.

नव्या फोनवर गाणी भिकाजी सकाळी जाताना लावून द्यायचा. एक संपलं की दुसरं आपोआप लागायचं. पण फोन उचलणं तिला जमेना. काचेवर बोट वर सरकवायचं, पण काच कुठं सुरू होते आणि कुठं संपते, तेच कळायचं नाही. दहा वेळा वाजला तर तीन वेळा उचलला जायचा. नाव घेऊन हाक मारली की फोन लागतो, असं तृप्तीनं शिकवलं होतं. वस्ती धरणाच्या अंगाला, तिथं नेट असायचं नसायचं. गंगूबाई हाका मारून दमायची.

"माझ्या आवाजाला वळखत न्हाई ह्यो," ती म्हणायची. "सायबाची अवलाद."

फोन ब्लाउजमध्ये मावत नव्हता. गोधडीत गेला की सापडायचा नाही. दोनदा फरशीवर पडला. मग भिकाजीनं आपल्या पद्धतीनं इलाज केला. कामावरून बांधायची तार आणली, फोनच्या रबरी कव्हराला चार भोकं पाडली आणि फोन कॉटच्या डोक्याकडच्या लोखंडी दांडीला बांधला. गाठी मारायच्या हुकानं पीळ दिला, टोकं आत वळवली, तिला टोचू नयेत म्हणून. ओढून बघितलं. हलला नाही.

"आता कुटं जातोय?" तो म्हणाला.

गंगूबाईनं हात लावून पाहिला. "व्हय. आता जाग्यावर घावतोय."

दिवाळी होऊन भातकापणी सुरू झाली होती. वस्ती दिवसभर शेतात असायची. त्या मंगळवारी चांद्याला सातव्या मजल्याचा स्लॅब पडायचा होता. काँक्रीटच्या गाड्या तीनला येणार, त्याआधी जाळी पुरी व्हायला हवी. वर काम करताना फोन जवळ ठेवायला बंदी होती. सगळ्यांचे फोन खाली गेटवर पेटीत जमा व्हायचे आणि जेवणाच्या सुट्टीत मिळायचे.

एक वाजता भिकाजीनं घरी फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. पुन्हा तेच.

शेजारी नरहरी भाकरी मोडत होता. तो त्याच्याच जोडीचा फिटर. "मिस्त्री, वैनी गाण्यात रमली आसंल. तुमचं रडगाणं कशाला ऐकंल?"

बाकीचे हसले. भिकाजीही हसला. उचलला नाही यात नवं काय होतं? त्यानं फोन पेटीत टाकला आणि वर चढला. अडीचच्या आत जाळी पुरी केली. त्या दिवशीही एक गाठ सोडली नाही.

सातला तो वस्तीत शिरला, तेव्हा गाणं बाहेरपर्यंत ऐकू येत होतं. शेजारची सारजाबाई विळा धूत होती.

"सकाळधरनं चालूय तुमची मैफल," ती म्हणाली. "दुपारी भाकर न्यायला आल्ते, तवा बी चालूच. म्हटलं, गंगू खुशाल हाय."

कॉट रिकामी होती. गंगूबाई मागच्या मोरीत शहाबादी फरशीवर पडली होती. एक पाय उलटा वळलेला. लुगडं ओलं होऊन अंगावरच वाळलेलं. ती नऊ वाजता घसरली होती. दहा तास झाले होते. भिकाजीची एक अख्खी पाळी.

तिचा आवाज बसला होता. "लई वरडले. गाण्याफुडं कुणाला ऐकू जाईना." मग ती म्हणाली, "तुमचा फोन दोनदा आला. गाणं थांबलं, तवा वळखलं मी. हितनंच बोलले तुमाशी. मोरीत पडलेय म्हणून सांगितलं."

भिकाजी आत गेला. गाणं अजून चालूच होतं. फोन कसा बंद करायचा हे त्याला माहीत होतं. पण त्यानं पक्कड घेतली आणि तार तोडायला लागला. चार पिळांची तार. तुटायला वेळ लागला.

सारजाबाई दारात उभी राहून कपाळावर हात मारत होती. "मी दारावरनं गेले वो भिकाजीदादा. दारावरनं गेले."

"तुमचं काय चुकलं?" तो म्हणाला. "बांधला कुणी?"

पुण्याच्या दवाखान्यात मांडीचं हाड खुब्यापाशी मोडल्याचं सांगितलं. ऑपरेशन करून आत सळई घालावी लागणार होती. भिकाजीनं स्लॅबसाठी मागं टाकलेलं सगळं काढलं. ऑपरेशननंतर डॉक्टरांनी फोटो दाखवला. काळ्यात पांढरी सळई. भिकाजी बराच वेळ बघत राहिला.

"हलणार न्हाई ना?" त्यानं विचारलं.

"नाही हलणार, बाबा. स्क्रूनं पक्की केली आहे."

घरी आणल्यावर तो एकटाच पौडला गेला आणि सात बटणांचा डबा घेऊन आला. जुन्या फोनमध्ये सिम परत घातलं. दोन्ही तिच्या हाताखाली ठेवले, काही न बांधता. गंगूबाईनं डब्याची बटणं ओळखली. पण दाबली नाहीत.

"लाव की," तो म्हणाला.

"नगं. गाणं लागलं की मोरीतलं गार पानी आठवतंय. उगी ऱ्हावू द्या. कोण आलं गेलं ते तरी ऐकू येतंय."

भिकाजी पंधरा दिवसांनी कामावर गेला. गेल्याशिवाय भागणार नव्हतं. सारजाबाई दुपारी येऊन तिचं करायची, सुट्टीच्या दिवशी तृप्ती यायची. पडून पडून पाठीला जखमा झाल्या, साखरेमुळं त्या भरेनात. गंगूबाई पुन्हा उभी राहिली नाही. फाल्गुनात ती गेली. डब्यातलं गाणं एकदाही वाजलं नव्हतं. वस्तीतल्या बायांनी त्या दिवशी तिचीच गाणी म्हटली, तेव्हा भिकाजी उठून बाहेर गेला.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो आणि तृप्ती राख गोळा करायला गेले. राखेत सळई निघाली.

"आबा, टाका ती पाण्यात," तृप्ती म्हणाली आणि तोंड फिरवून रडायला लागली. "मीच म्हटलं व्हतं, मोठा घ्या."

भिकाजीनं सळई शर्टाच्या टोकानं पुसली. बोटांनी जाडी पाहिली, वीत लावली. दीड वीत. मग एक डोळा मिटून, कामावर पाहायचा तशी ती धारेत पाहिली. कुठं वाकली नव्हती.

"माल चांगला व्हता," तो म्हणाला आणि ती खिशात ठेवली.

घरावर अजून पत्राच आहे. स्लॅबसाठी मागं टाकलेल्या पगारातून लोखंड आलं ते एवढंच, दीड वितीचं.