सरकारजमा तोंड

गणपत सुभेदार छातीला वीट बांधून पोहायचे. सकाळी कृष्णेच्या घाटावर यायचे, जुन्या धोतराच्या पट्टीनं वीट छातीशी घट्ट आवळायचे, आणि उताणे होऊन, फक्त नाक पाण्यावर ठेवून, हात न आपटता पलीकडे जायचे. आवाज म्हणून नाही. धुणं धुणाऱ्या बायकांना ते पलीकडच्या काठाला लागल्यावरच दिसायचे. मी एकदा विचारलं, "सुभेदार, वीट कशाला?" तर म्हणाले, "पोटाला बरं असतंय, गुरुजी."

आष्ट्याजवळच्या आमच्या गावात घरटी एक माणूस फौजेत. पेन्शनीत आलेला गडी चावडीवर बसला की त्याला गप्प करायला जेवायची वेळच व्हावी लागते. सुभेदारांची तऱ्हा उलटी. सांगलीच्या बाजारातून पिशव्या घेऊन येणाऱ्या माणसाला कुठं गेला होता विचारावं, तर तो "हितंच" म्हणतो, याला काय म्हणायचं? त्यांची बायको सांगायची, "आवं गुरुजी, कालवणात मीठ न्हाई, ह्येबी ह्यांनी कधी सांगितलं न्हाई." मी फार छेडलं की सुभेदार हसायचे. "ह्ये तोंड सरकारजमा हाय. त्येचा सात-बारा माझ्या नावावर न्हाई."

त्या वेळी मला ती थट्टा वाटली होती. आता सगळ्यांना ठाऊक झालंय की बांगलादेशची लढाई हिवाळ्यात जाहीर झाली, पण त्याआधी कित्येक महिने आपले कमांडो सरहद्दीजवळच्या छावण्यांत तिकडच्या पोरांना तयार करत होते. कुणी पूल उडवायला शिकवत होतं, कुणी छातीशी सुरुंग बांधून उभ्या जहाजापर्यंत बिनआवाज पोहायला. कधी कधी शिकवणारेही पोरांबरोबर पलीकडे जात. कागदोपत्री मात्र आपला एकही माणूस हद्दीपलीकडे गेलेला नव्हता. त्यामुळे जो तिकडे मेला, तो तिकडे मेलाच नाही. सुभेदार त्या कमांडोंत होते, आणि त्यांच्याच तुकडीत होते त्यांचे दाजी शंकर, म्हणजे थोरल्या बहिणीचे, हौसाक्काचे, मालक. गावाला तेव्हा एवढंच माहीत, की मेव्हणे-दाजी कुठल्याशा वेगळ्या पलटणीत आहेत.

त्या वर्षीच्या पावसाळ्यात निरोप आला की शंकर सरावाच्या वेळी नदीत बुडाले. देह आला नाही, फक्त ट्रंक आली. अक्कानं ट्रंकेला हातही लावला नाही. "पुराच्या कृष्णेतनं म्हशी काढनारा गडी त्यो. त्यो बुडंल?" असं ती येईल त्याला विचारायची. लोक तिच्यासमोर मान हलवायचे आणि पाठीमागे म्हणायचे, पिऊन उतरला असेल पाण्यात.

लढाई संपली, सुभेदार पेन्शन घेऊन घरी आले, आणि गावानं चावडीपुढे शिळा उभी करायचं ठरवलं. लढाईत कामी आलेल्या जवानांची नावं त्यावर कोरायची होती. शंकरचं नाव आलं तेव्हा सरपंच अण्णा अडले. "सरावात बुडालेल्याचं नाव कसं घालायचं?" मग त्यांनीच तोडगा काढला. गणपत त्याच पलटणीत होता. त्यानं देवळात बेलभंडारा उचलून सांगावं की शंकर लढताना गेला, नाव उद्याच कोरू. आमच्या भागात कोर्टातली शपथ फार कुणी मनावर घेत नाही, पण हातात बेल आणि भंडारा घेतलेला माणूस खोटं बोलत नाही.

देऊळ भरलं होतं. गुरवानं पळसाच्या पानावर बेल-भंडारा ठेवून पान सुभेदारांपुढे धरलं. हौसाक्का खांबाला टेकून उभी होती. आई गेल्यावर तिनंच या भावाला कडेवर घेऊन वाढवलेलं. "गणपा," ती म्हणाली, "उचल. खरं काय आसंल ते सांग. बुडाला आसंल तर तसं सांग, मी पुन्यांदा इचारनार न्हाई."

सुभेदारांचे हात मांडीला चिकटल्यासारखे खाली राहिले. खरं बोलावं तर तोंड न उघडण्याचा पलटणीला दिलेला शब्द मोडतो, खोटं बोलावं तर हातात भंडारा. गुरवानं पान या हातातून त्या हातात घेतलं. शेवटी सुभेदारांनी पानाला वाकून नमस्कार केला आणि चपला घालून निघून गेले. मागून कुणीतरी म्हणालं, "दाजी बुडताना काठावर बसून बघत आसनार गडी." शिळेवर नाव आलं नाही.

मला आजही त्या दिवसाचा संताप येतो. गावाचा येतो, सरकारचा येतो, आणि खरं सांगायचं तर थोडा सुभेदारांचाही. मी त्यांना म्हणालो, "लढाई संपली, बांगलादेशही झाला, आता कुणाचं काय बिघडणार होतं?" ते म्हणाले, "शब्द दिला तवा कुनी बंदूक रोखली नव्हती, गुरुजी. आन् तिकडची पोरं अजून हायती, त्येंच्या जिवावर बेतंल."

अक्कानं त्या दिवसापासून भावाला दार बंद केलं. दर भाऊबीजेला सुभेदार पांढरी टोपी घालून, साडी घेऊन तिच्या ओट्यावर बसायचे. दार उघडायचं नाही. दुपार कलली की उंबऱ्यावर साडी ठेवून परत फिरायचे. मला त्यांची कीव यायची, तर मलाच समजवायचे, "रागावलीया तवर बरं हाय. परक्यावर कोन रागावतंय?" पण घाटावर त्यांना बघावं तर पलीकडच्या काठावर वीट छातीला तशीच ठेवून बसलेले असायचे, उन्हं चढली तरी.

त्या दशकाच्या अखेरीला अक्कानं अंथरूण धरलं. सुभेदार सकाळीच माझ्याकडे आले. "चला संगं. आज सांगून टाकतो. काय व्हायचं ते हू दे." उसाच्या बांधानं जाताना ते पुढे चालत होते आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत होते. त्या दिवशी दार उघडं होतं. मी ओट्यावर थांबलो.

"अक्का, दाजींचं सांगाय आलोय."

आतून अक्काचा आवाज आला, बारीक, पण ठाम. "नगं."

"ऐक तरी."

"नगं म्हनते न्हवं? येवढी वर्सं तुज्या तोंडावर दार लावलं, तवा बोलला न्हाईस. आता मी चालले म्हनून बोललास, तर ती वर्सं तुजीबी वाया, माजीबी वाया. ऱ्हाऊं दे तसंच." मग तिनं सुनेला तबक आणायला सांगितलं. भाऊबीज नव्हती, सण नव्हता, तरी सुनेच्या आधारानं उठून बसली आणि भावाला ओवाळलं.

सुभेदार बाहेर आले तेव्हा कपाळावर ओलं कुंकू होतं. मला वाटलं, सुटले एकदाचे. मी तसं म्हणालोही. ते पायरीवर बसले आणि किती वेळ चपलेत पायच जाईना.

"गुरुजी, वाटंनं समदं पाठ करत आलोतो. दाजी जाताना तिच्यासाठी येक वाक्य बोलून ग्येलं. तिलाच सांगा म्हनालं. आता ते कुनाला सांगू?"

अक्का त्याच आठवड्यात गेली. सुभेदार पुढं बरीच वर्षं होते. ते वाक्य त्यांनी कुणालाच सांगितलं नाही.