प्रिंटरच्या पोटातल्या अक्षता

प्रिंटरमध्ये तांदूळ मी टाकले होते आणि दोष दिला कॉम्प्युटरवर बसणाऱ्या मॅडमना.

अकोल्याच्या एका शाळेत मी मुख्य लिपिक आहे. सगळे मोठे बाबू म्हणतात. नवा प्रिंटर मी स्वतः अमरावतीहून एसटीने आणला. खोकं अख्खा रस्ता मांडीवर, खाली ठेवायला जीवच होईना. ऑफिसात पोचल्याबरोबर हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, वरून मूठभर अक्षता टाकल्या. कागद घालायची मागची फट उघडीच होती. दाणे आत घरंगळल्याचा आवाज मी ऐकला. शुभकार्यात कुठे खोट काढायची, म्हणून गप्प बसलो.

कॉम्प्युटर आमचा फार जुना. प्रिंटरसोबत आलेला ड्रायव्हर तो घेईचना. मॅडमनी मोबाइलवर कंपनीच्या साइटवरून जुन्या विंडोजचा ड्रायव्हर हुडकला, पेन ड्राइव्हने घातला, कॉम्प्युटर दोनदा बंद-चालू केला. पडद्यावर प्रिंटरचं नाव आलं आणि मी ओरडलोच, "आलं! आलं!"

पहिला कागद आत गेला. कट, कट, कट. अर्ध्यात चुरगळून अडकला. आवाज ऐकून मुख्याध्यापक आले. मला तेव्हाच अक्षता आठवल्या होत्या, पण तोंडातून निघालं, "मॅडमनी या डबड्या कॉम्प्युटरला जोडून नवं मशीन खराब करून टाकलं, सर!"

"उद्या लेखी खुलासा द्या," सर मॅडमना म्हणाले.

मॅडम कंत्राटावर. असा खुलासा फाईलला लागला की पुढच्या वर्षीच्या नेमणुकीची ऑर्डर निघत नाही, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक? तरी मी घरी गेलो, जेवलो.

सकाळी पोचलो तर मॅडमनी शिपायाच्या मदतीने प्रिंटर उलटा धरला होता. हलवला. टेबलावर टपटप लाल दाणे पडले.

शिपाई माझ्याकडे बघत हसला. "मोठे बाबू, तुमी तं मशीनले जेवूच घातलं!"

मॅडमनी कॉम्प्युटरवर दोन-तीन ओळी टाइप केल्या आणि पुन्हा कागद लावला. या वेळी तो सरसर आत गेला आणि स्वच्छ छापून बाहेर आला. एकेक अक्षर काळंभोर! शिक्षक धावत आले, कोणी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, सगळ्यांत जोरात. मग कागद हातात घेऊन वाचला. तो त्यांचाच खुलासा होता: 'कागदाच्या मार्गात तांदळाचे दाणे अडकले होते. ते काढले. प्रिंटर जुन्या कॉम्प्युटरवर व्यवस्थित चालू आहे.' दाणे कोणाचे, ते लिहिलं नव्हतं.

तेवढ्यात सर आले, हात पुढे केला. मी कागद टेबलावर ठेवला, खाली पेनने एक ओळ लिहिली, 'दाणे मी टाकले होते,' आणि सही करून त्यांना दिला. मग सगळ्यांसमोर मॅडमकडे वळलो.

"मॅडम, मला कालच माहीत होतं. तरी तुमच्यावर ढकललं. मला माफ करा."