घटातली ज्वारी

"बाई, गाय पडली. तुमी नेहमी म्हणता हिरड्या पाहा, त पाह्यल्या. लालभडक हायेत. तोंडाले फेस येऊन राह्यला."

फोनवर वंदना होती. मी वरवट बकालच्या रस्त्याला लिंबाखाली स्कूटर लावून डबा खात होते. दुपारची दोनची वेळ. समोरचं शेत उन्हात पाण्यासारखं हलत होतं, आणि मी नेहमीप्रमाणे ते बघत बसले होते.

"सकाळी काय खाल्लं तिनं?"

"सकाळी कडबाच. आत्ता आत्याबाईनं उगवलेलं देल्लं. तुमी मिटिंगमदी सांगतलं तेच. आख्खं टोपलं."

"मक्याचं?"

"मक्का कुठून आनाव बाई? घरची जवारी होती."

हातातला घास तसाच राहिला. डबा उघडाच पिशवीत कोंबला आणि स्कूटरला किक मारली.

मी सरकारी पशुवैद्यक आहे. गावात मला डॉक्टरीनबाई म्हणतात. वंदना जिला आत्याबाई म्हणते ती तिची सासू म्हणजे गोकर्णामावशी. घरात एकच दुभती गाय, नाव चांदी. नातवंडांचं दूध तिचंच. मावशी तिच्याशी सुनेपेक्षा जास्त बोलते, असं वंदनाच हसून सांगायची.

त्याच्या दोन आठवडे आधी मी त्यांच्या गावात मिटिंग घेतली होती. उन्हाळ्यात आमच्याकडे हिरवा चारा औषधालाही मिळत नाही. त्यावर एक उपाय आहे. धान्य रात्रभर भिजवायचं, ओल्या पोत्यात बांधून मोड आणायचे, मग ट्रेमध्ये पसरून दिवसातून पाच-सहा वेळा पाणी शिंपडायचं. माती लागत नाही. आठवड्यात वीतभर हिरवळ येते आणि मुळांची खाली गादी तयार होते. ती गादी, दाणा, पान, सगळं जनावर खातं. याला हायड्रोपोनिक चारा म्हणतात. नाव भारी आहे, काम सोपं आहे.

आता माझी खोड सांगते. मला बोलता बोलता तंद्री लागते. शाळेत मास्तर खडू मारायचे, ऑफिसात साहेब टेबल वाजवतात. त्या मिटिंगमध्येही तेच झालं. समाजमंदिरात पंखा घरघरत होता. मी सांगत होते, बाहेर सगळं करपलंय आणि तुमच्या घरात एका गार, अंधाऱ्या खोलीत हिरवं हिरवं उगवतंय, दार उघडलं की ओल्या पोत्याचा वास येतोय, पानांच्या टोकांवर पाण्याचे थेंब आहेत. बायका गप्प होऊन ऐकत होत्या. मला स्वतःलाच त्या खोलीत जाऊन निजावंसं वाटायला लागलं. तेवढ्यात कुणीतरी विचारलं, "बाई, कोनतं धान्य घ्याव?" मी त्या खोलीतूनच उत्तर दिलं, "कोणतंही चालेल."

मका चालतो, गहू चालतो, बाजरी चालते. ज्वारी मात्र कधीच नाही. हे पुढचं वाक्य माझ्या तोंडून निघालंच नाही. चहा आला, मिटिंग संपली.

कोवळ्या ज्वारीत विष असतं. आमच्याकडचा प्रत्येक शेतकरी हे जाणतो. कापलेल्या ज्वारीच्या धसकटांना नवे फुटवे आले की तिकडे कुणी गुरं सोडत नाही. खाल्लं तर किराळ लागते, म्हणजे ही विषबाधा होते. रक्तात ऑक्सिजन असतो, पण शरीराला तो वापरता येत नाही. भरल्या ताटावर बसून उपाशी मरावं, तसं. म्हणून हिरड्या लालभडक दिसतात. नुकत्याच उगवलेल्या ज्वारीत हे विष सगळ्यात जास्त.

मग मावशीला हे कसं कळलं नाही? कळत होतं की. शेतातली ज्वारी तिला चांगली माहीत होती. पण तिनं हे शेत म्हणून पेरलंच नव्हतं. "अंधारात उगवायचं" म्हटल्यावर तिला नवरात्रातले घट आठवले. दरवर्षी ती देवघरात देवीपुढे घट बसवते, त्यात ज्वारी असतेच, आणि नवव्या दिवशीची ती पोपटी पानं आम्ही सगळेच कौतुकानं डोक्यात खोचतो. मावशीनं दोन टोपली भरून देवघरातच ठेवली. आंघोळ करून पाणी शिंपडलं. घटातली ज्वारी कुणाचा जीव घेईल, हे तिच्या मनात तरी कसं यावं? मी दुसरबीडकडची, माझ्या आईनं जन्मभर घट बसवले. माझ्याही मनात आलं नव्हतं.

पोचले तेव्हा चांदी गोठ्यात आडवी होती. पाय ताणलेले, श्वास धापा टाकल्यासारखा. मावशी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. पावसाळ्यात किराळीच्या केसेस येतात म्हणून सोडियम थायोसल्फेट आम्ही ठेवतो. हे त्या विषावरचं औषध. गेल्या सीझनचं उरलेलं माझ्या बॅगेत होतं, एक्सपायरी शिल्लक होती. वंदनानं दोर धरला, मी मानेच्या शिरेत सुई घातली आणि बाटली उंच धरून उभी राहिले.

त्यानंतर करण्यासारखं काही नसतं. थेंब पडतात ते बघायचं. गोठ्याच्या पत्र्याच्या भोकांतून उन्हाचे कवडसे येत होते आणि त्यातली धूळ अगदी सावकाश वर चढत होती. कुठेतरी कवडा घुमत होता. मला एकदम वाटलं की हे सगळं मी झोपेत बघतेय, आत्ता जाग येईल आणि मिटिंग अजून व्हायचीच असेल. मग बाटली धरलेला हात दुखायला लागला. मी जागीच होते.

तासाभरानं श्वास लयीत आला. आणखी तासाभरानं चांदीनं डोकं उचललं, इकडेतिकडे पाहिलं आणि धडपडत उठून उभी राहिली. मी चक्क रडले. मावशी नाही रडली. तिनं देवघरात राहिलेलं दुसरं टोपलं उचललं आणि उकिरड्यात नेऊन टाकलं. परत आली तेव्हा म्हणाली, "देवीचं होतं ते. जनावराच्या तोंडी देल्लं मी. कोप झाला."

माझी चूक सांगायची सोडून मी सुई-बाटली बॅगेत भरली.

संध्याकाळी साहेबांचा फोन. "मॅडम, रिपोर्टमध्ये कारण काय टाकताय?"

"मी सांगताना ज्वारीचं सांगायचं राहिलं, सर."

"वेड्या झालात का? स्कीम नवीन आहे. पशुपालकाची अनवधानाने चूक, असं टाका. त्या बाईची काही तक्रार आहे का?"

"नाही. ती म्हणते देवीचा कोप."

"मग झालं तर. देवीच्या मध्ये तुम्ही कशाला पडता?"

मी तसंच टाकलं. लाज वाटली, पण टाकलं.

आठ दिवसांनी चांदीला बघायला गेले. गाय रवंथ करत होती, दूधही परत आलं होतं. मावशी शेतातून आली ती अनवाणी. वैशाखाच्या उन्हात. तळपायांना फोड आले होते.

"हे काय मावशी?"

उत्तर वंदनानं दिलं. "देवीले बोलल्या त्या. सालभर पायात काही घालनार नाई. देवघरातबी जात नाईत. दिवा मीच लावतो. म्हनतात, माहा हात नाई लागाव त्याले."

तिथेच ओट्यावर टेकले.

"मावशी, देवीचा यात काही संबंध नाही. उगवलेल्या ज्वारीनंही किराळ लागते. मी मिटिंगमध्ये सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. चूक माझी आहे."

ती माझ्यासमोर येऊन बसली.

"तुमाले माईत होतं?"

"हो."

"मंग काऊन नाई सांगतलं?"

"बोलता बोलता राहून गेलं."

"बरं. मानसाचं राह्यते. आन गाय उठली तवा? तवा काऊन नाई सांगतलं?"

"तेव्हा भ्याले, मावशी."

तिनं मान हलवली. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. "गाय दोन घंट्यात उठली बाई," ती हळू म्हणाली. "म्या आठ दिवस देवीच्या तोंडाकडं पाह्यलं नाई."

मग ती उठली. रांजणातलं पाणी घेऊन हातपाय धुतले, फोड झोंबले असणार, आणि भर दुपारी देवघरात जाऊन तिनं दिवा लावला. बराच वेळ बाहेर आली नाही. मी ओट्यावर बसून होते. त्या घरात त्या दिवशी मला चहा विचारला नाही, आणि त्यांचं बरोबर होतं.

रिपोर्ट दुसऱ्या दिवशी बदलून पाठवला. साहेबांनी मेमो दिला, तो फाइलला आहे. आता मिटिंगमध्ये माझं पहिलं वाक्य ज्वारीचं असतं, बाकी सगळं नंतर. त्या दिवशी गाईपर्यंत मी वीस मिनिटांत पोचले होते. मावशीपर्यंत पोचायला आठ दिवस लागले.